दोन सूर्योदयांची हवाई वाट

15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हवाई मार्ग मधोमध तुटला. या मार्गाला जेमतेम सात वर्षं झाली होती. 1935 मध्ये लंडनहून ब्रिस्बेनला विमानाचं थेट तिकीट मिळू लागलं तेव्हा सुमारे 20,000 किलोमीटरच्या त्या प्रवासाला साडेबारा दिवस लागत. त्यातही युरोपातला एक टप्पा चक्क आगगाडीने करावा लागे. बाकीचा प्रवास मुक्कामामुक्कामाने चाले. दिवसा उडायचं, दुपारी कुठेतरी पेट्रोल भरायचं, रात्री हॉटेलात झोपायचं, पहाटे पुन्हा निघायचं. कराची, जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता, रंगून, सिंगापूर अशी ही ओळ होती. 1938 मध्ये मोठ्या उडत्या बोटी आल्या आणि हा काळ नऊ-दहा दिवसांवर आला. या बोटींना धावपट्टी लागत नसे, पाणी लागे. म्हणून राजपुतान्यातलं राजसमंद आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातला एक तलाव ही त्या काळी लंडन-सिडनी मार्गावरची अधिकृत ठिकाणं होती. सिडनीला निघालेला इंग्रज साहेब ग्वाल्हेरच्या तलावात उतरतो, हे आज खरं वाटत नाही.

सांगायचा मुद्दा असा की दोन दूरच्या शहरांमधला हवाई प्रवास म्हणजे तेव्हा छोट्या टप्प्यांची बेरीज होती. एक टप्पा गेला की सगळी बेरीज फसायची. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि भूमध्य समुद्रावरचा टप्पा गेला. त्यावर तोड काढली ती अशी की, टपाल आणि माणसं इंग्लंडहून जहाजाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे न्यायची आणि डर्बनहून विमानाने कैरो, कराची, कलकत्ता, सिंगापूर करत सिडनीला पोहोचवायची. नकाशावर या मार्गाचा आकार घोड्याच्या नालासारखा दिसे, म्हणून तो ‘हॉर्सशू रूट’ म्हणूनच ओळखला जाई. सिंगापूर पडल्यावर त्याचं पूर्वेचं टोक कलकत्त्यालाच संपलं. त्याआधी 30 जानेवारीला क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीची ‘कोरिओ’ ही उडती बोट तिमोर बेटाजवळ जपानी लढाऊ विमानांनी पाडली होती. तिच्यातले 13 जण गेले. 3 मार्चला पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम बंदरात नांगरलेल्या उडत्या बोटींवर जपान्यांनी हल्ला केला आणि काही मिनिटांत त्या पाण्यातच जाळल्या. निर्वासितांना घेऊन जावाहून आलेल्या काही बोटींमध्ये तेव्हा बायकामुलं बसलेली होती.

आता लंडनहून सिडनीला एखादं तातडीचं सरकारी पत्र पाठवायचं तर ते अटलांटिक, अमेरिका आणि सगळा पॅसिफिक ओलांडून, म्हणजे पृथ्वीच्या उलट्या बाजूने न्यावं लागे. मित्र असले तरी त्या मार्गावर हुकूम अमेरिकेचा चाले, आणि ब्रिटिशांना ते पसंत नव्हतं.

उरली होती एकच दिशा. ऑस्ट्रेलियाचं पश्चिम टोक पर्थ आणि आजच्या श्रीलंकेचं, तेव्हाच्या सिलोनचं, दक्षिण टोक यांच्यामध्ये सुमारे 5,650 किलोमीटर नुसता हिंदी महासागर आहे. सिलोन ब्रिटिशांकडे होतं. तिथून कराची गाठली की पुढे कैरोमार्गे लंडनपर्यंत बीओएसी या ब्रिटिश कंपनीची विमानं चालू होती. कराची-मुंबई-सिलोन ही वाट तर टाटांच्या टपाल विमानांनी युद्धाआधीच पायाखाली घातली होती. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, तिथपासून ती सुरुवात धरायची. सगळी अडचण मधल्या पाण्याची होती.

हे पाणी कोणी विमानाने ओलांडलंच नव्हतं असं नाही. जून 1939 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पी. जी. टेलर हे ‘गुबा’ नावाच्या कॅटालिना विमानातून पश्चिम ऑस्ट्रेलियाहून निघाले आणि कोकोस बेटं, दिएगो गार्सिया असे थांबत आफ्रिकेच्या किनाऱ्याला, मोंबासाला लागले होते. युद्ध आलं तर उपयोगी पडेल म्हणून केलेली ती पाहणी होती. पण टेलर थांबत थांबत गेले होते. 1943 मध्ये थांबायला जागा नव्हती. वाटेतलं ख्रिसमस बेट जपान्यांकडे गेलं होतं, जावा आणि सुमात्रा त्यांच्याच ताब्यात होते, अंदमानही. कोकोस बेटं ब्रिटिशांकडे राहिली होती खरी, पण ती जपानी विमानांच्या टप्प्यात होती, आणि मे 1942 मध्ये तिथल्या सिलोनी तोफखान्यातच बंड झालं होतं. त्या बंडातल्या तिघांना फाशी झाली. हा एक वेगळा आणि फारसा न सांगितला जाणारा इतिहास आहे. आपल्या गोष्टीपुरतं एवढंच, की पर्थहून उठलं की सिलोनलाच उतरायचं, मध्ये काही नाही.

क्वांटासचे प्रमुख हडसन फिश यांनी हा मार्ग सुरू करण्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला. अखेर ब्रिटिशांकडून त्यांना पाच कॅटालिना उडत्या बोटी मिळाल्या. ही विमानं क्वांटासच्या वैमानिकांना नवी नव्हती. 1941 मध्ये ऑस्ट्रेलियन हवाई दलासाठी घेतलेल्या कॅटालिना अमेरिकेतून पॅसिफिक ओलांडून आणण्याचं काम लेस्टर ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं होतं. या यंत्राला किती भूक आहे आणि ती कशी मारायची, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पाच विमानांना नावं दिली ताऱ्यांची: ऑल्टेअर, वेगा, रायजेल, अँटारीस आणि स्पायका. म्हणजे आपले श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. यात कवित्व थोडं आणि व्यवहार जास्त होता, कारण हे तारे दिशा काढण्याच्या कामाचे होते.

पर्थकडचा तळ शहरातल्याच स्वान नदीवर, नेडलँड्स इथे होता. सिलोनकडचा तळ गॉलजवळ कोग्गला सरोवरावर. कोग्गलाचं नाव वर्षभरापूर्वीच गाजलं होतं. 4 एप्रिल 1942 ला तिथूनच उठलेल्या एका कॅटालिनाने सिलोनवर चालून येणारं जपानी आरमार पाहिलं आणि स्वतः पाडलं जाण्याआधी बिनतारी संदेश पाठवला. दुसऱ्या दिवशी कोलंबोवर बॉम्ब पडले तेव्हा शहर निदान बेसावध नव्हतं. त्याच फेरीत 6 एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथेही बॉम्ब पडले. त्यामुळे बंगालच्या उपसागरापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या पाण्यावर जपान्यांचा वावर आहे, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. आणि आता याच पाण्यावरून शस्त्रं नसलेली नागरी विमानं ठरावीक वेळापत्रकाने जाणार होती.

शस्त्रं का नव्हती, तर वजनासाठी. इथून पुढची सगळी गोष्ट वजनाची आहे.

कॅटालिनाला प्रत्येकी 1,200 अश्वशक्तीची दोन इंजिनं होती. या लांबीच्या प्रवासासाठी विमानाच्या पोटात जादा टाक्या बसवून सुमारे 9,000 लिटर पेट्रोल भरलं जाई. त्याचंच वजन साडेसहा टन. उडताना सगळं विमान सोळा टनांच्या घरात जाई, म्हणजे कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेच्या बरंच वर, आणि त्यातले पाचातले दोन भाग नुसतं पेट्रोल. मग बाकीचं काय काय काढता येईल ते काढलं. तोफा गेल्या, चिलखती पत्रे गेले, बर्फ वितळवायची यंत्रणा गेली, आतलं अस्तर गेलं. अस्तर गेल्यामुळे थंडी आणि आवाज सरळ आत येऊ लागले. एवढं करून शिल्लक किती राहिली? तीन प्रवासी आणि साधारण 69 किलो टपाल. सोळा टनांचं विमान उडवायचं ते तीन माणसं आणि पावणेदोन मण कागदासाठी.

पण नुसतं पेट्रोल भरून भागत नव्हतं, ते पुरवायचं होतं. आणि पुरवायचा एकच मार्ग होता, सावकाश जाणं. कॅटालिना मुळातच मंद विमान. त्यातही या वैमानिकांनी इंजिनांचे फेरे कमी केले, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण शक्य तेवढं पातळ ठेवलं आणि ताशी 200 किलोमीटरच्या आसपास राहिले. पेट्रोल जळत जाई तसं विमान हलकं होई. हलकं झालं की मोह होतो तो वेग वाढवायचा. हे लोक उलट करत, वेग आणखी उतरवत. कारण हलक्या विमानाला लिटरमागे सर्वांत जास्त अंतर मिळतं ते कमी वेगात. घाई केली तर समुद्रात पडायचं, असा साधा हिशेब होता. आज आपण प्रवासाच्या तासांना कंटाळतो. त्या विमानात तास जितके जास्त तितकं पोहोचण्याची खात्री जास्त, अशी उलटी गंमत होती.

गंमत म्हटलं, पण तिलाही मर्यादा होती, आणि ती वाऱ्याची. हिशेब करून बघा. वारा अजिबात नसेल तर ताशी 200 किलोमीटरने 5,650 किलोमीटरला सव्वाअठ्ठावीस तास लागतात. समोरून सरासरी 25 किलोमीटरचा वारा लागला, म्हणजे बैलगाडीच्या रस्त्यावरची धूळ उडेल इतकाच, तर तेच बत्तीस तासांवर जातं. 9,000 लिटरमध्ये बत्तीस तास काढायचे तर तासाला 280 लिटरच्या वर जाता येत नाही. दक्षिण गोलार्धातले आग्नेयेचे वारे पाठीशी असले तर बरं. पण विषुववृत्त ओलांडल्यावर जून ते सप्टेंबर हे महिने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे, काळ्या ढगांचे आणि धो धो पावसाचे. म्हणून या मार्गावर प्रवासाला किती वेळ लागेल याचं उत्तर ‘27 ते 33 तास’ असं सैल असे.

या हिशेबाची वही ज्याच्या हातात, तो विमान अभियंता. कॅटालिनाची रचना अशी की पंख धडापासून वर उचललेला, आणि दोन्ही जोडणारा एक मधला खांब. त्या खांबाच्या पोकळीत अभियंत्याची बैठक. दोन्ही बाजूंना एकेक लहान खिडकी, त्यातून दिसतात फक्त इंजिनं. समोर तापमानाचे, दाबाचे काटे आणि पेट्रोलची उभी काचनळी. तिच्यातली पातळी हळूहळू उतरताना बघत राहायचं. प्रत्येक तासाला किती जळलं, किती अंतर झालं, किती उरलं हे मांडायचं. निघाल्यानंतरचे पहिले काही तास सर्वांत वाईट, कारण तेव्हाच्या वजनात एक इंजिन बंद पडलं तर दुसऱ्याच्या बळावर उंची टिकत नसे. पेट्रोल समुद्रात ओतून देण्याची सोय होती. पण पेट्रोल ओतलं की सिलोन गेलं. मग परतायचं. आणि एका बिंदूनंतर परतणंही संपे, फक्त पुढेच जाता येई.

दुसरा माणूस नॅव्हिगेटर, म्हणजे वाट काढणारा. त्याची पंचाईत निराळी. रेडिओवर अवाक्षर काढायचं नाही, असा सक्त नियम होता. बोललात तर जपान्यांना जागा कळेल. हवामानाचे संदेश फक्त ऐकायचे, तेही सांकेतिक. जमिनीवरून दिशा दाखवणारं काही नाही, वाटेत एकही दिवा नाही. दिवसा सूर्य, रात्री तारे, हातात सेक्स्टंट. ढग आले की तेही गेलं. मग खाली समुद्रावर पेटतं नळकांडं टाकायचं आणि विमान त्यापासून किती अंशांनी बाजूला सरकतंय ते पाहून वारा ओळखायचा. दर थोड्या वेळाने हेच. दोन-तीन अंशांची चूक साडेपाच हजार किलोमीटरवर काही शे किलोमीटरची होते, आणि सिलोनच्या दक्षिणेला चुकलात तर पुढे पुन्हा समुद्रच. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे खरे नायक ही दोन माणसं. रसेल टॅप आणि विल्यम क्राउदर यांच्यासारखे कॅप्टन नावाजलेले होते आणि ते योग्यही आहे. पण कोणत्याही कॅप्टनला काचनळीतली पातळी आणि ताऱ्यांची उंची सांगणारं कोणीतरी लागतंच.

1943 च्या जूनअखेरीस हा मार्ग सुरू झाला. वेळापत्रक जपान्यांच्या सोयीचं असू नये, याची काळजी होती. शत्रूच्या गस्तीतला पट्टा रात्रीच्या अंधारात पडेल असं निघायचं. त्यामुळे विमान पहाटे उठे, दिवसभर उडे, रात्रभर उडे, आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवताना हवेतच असे. एकाच उड्डाणात दोन सूर्योदय. ‘डबल सनराइज’ हे नाव त्यातून पडलं. प्रवाशांना उतरल्यावर एक छापील प्रमाणपत्र दिलं जाई: दोन सूर्योदयांच्या गुप्त मंडळाचे आपण सदस्य झालात, कारण आपण चोवीस तासांपेक्षा जास्त काळ हवेत होता. युद्धाच्या धामधुमीत कोणाला तरी हा विनोद सुचला आणि तो छापूनही घेतला गेला, हे मला फार आवडतं.

प्रवासी म्हणजे अर्थात बडे अधिकारी, सरकारी दूत, युद्धाच्या कामाची माणसं. पैसे मोजून कोणालाही जाता येण्याजोगा हा प्रवास नव्हता. त्यांची सोय काय होती? पत्र्याच्या धडात टाक्यांच्या शेजारी बसायला-आडवं व्हायला जागा. डोक्यावर दोन इंजिनांची अखंड घरघर. पेट्रोलचा वास सतत. सिगारेटची सवय असलेल्यांनी तो वेळ कसा काढला असेल, याची कल्पनाच करावी. उशीर झाला तर विचारायचं कोणाला, आणि वेळेत आहोत की नाही हे कळणार कसं? कोग्गलाच्या लोकांनाही विमान कुठे आहे ते माहीत नसे. ते येईपर्यंत फक्त वाट बघायची. सर्वांत लांबलेलं उड्डाण 32 तास 9 मिनिटांचं झालं.

18 जुलै 1945 ला ही सेवा थांबली, तोपर्यंत 271 फेऱ्या झाल्या होत्या आणि 648 प्रवासी पोहोचले होते. एकही विमान हरवलं नाही, एकही माणूस गेला नाही. वजनाच्या बाबतीत कारखान्याचा नियम रोज मोडणाऱ्या, वाटेत उतरायला जागा नसलेल्या आणि शत्रूच्या अंगणातून जाणाऱ्या मार्गाचा हा हिशेब आहे. यात नशीब नव्हतं असं कोणी म्हणू नये. पण 271 वेळा नुसतं नशीब साथ देत नाही.

कॅटालिनांचं काम चालू असतानाच त्यांची जागा घेणारी विमानं आली होती. जून 1944 पासून चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बफेकी विमानं नागरी कामासाठी या मार्गावर आली. ती जमिनीवरून उडत, पर्थच्या उत्तरेला पार लर्मंथपर्यंत जाऊन तिथून समुद्रावर निघत आणि कोलंबोजवळ रत्मलाना इथे उतरत. पाण्यावरचा टप्पा सुमारे सतरा तासांवर आला. क्वांटासच्या विमानावर कांगारूचं चित्र पहिल्यांदा आलं ते याच लिबरेटरवर. पुढच्याच वर्षी लँकॅस्ट्रियन विमानांनी सिडनी-लंडन अंतर तीन दिवसांच्या आसपास आणलं, पण त्यात नऊच प्रवासी बसत. 1 डिसेंबर 1947 ला क्वांटासचं कॉन्स्टेलेशन सिडनीहून निघालं ते डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली करत लंडनला गेलं. प्रवासी 29, प्रवास चार दिवसांचा. बेरीज पुन्हा टप्प्यांची झाली होती, कारण युद्ध संपलं होतं आणि टप्पे पुन्हा मिळत होते. सहाच महिन्यांनी, 8 जून 1948 ला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे त्याच जातीचं विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं.

पाच कॅटालिनांचं काय झालं? ती ज्या उसनवारीच्या कराराने मिळाली होती, त्यातली अट अशी होती की युद्धानंतर विमानांचे पैसे द्या नाहीतर ती नष्ट करा. त्यातल्या बहुतेक पर्थजवळच्या रॉटनेस्ट बेटापलीकडच्या समुद्रात नेऊन बुडवण्यात आल्या. एकही संग्रहालयासाठी उरली नाही. हा निर्णय कागदावर बरोबर असेल, पण करंटा होता.

पर्थहून लंडनला कुठेही न थांबता जाणारं प्रवासी विमान सुरू व्हायला 2018 चा मार्च उजाडला. अंतर 14,498 किलोमीटर, वेळ सुमारे सतरा तास. म्हणजे लिबरेटरला नुसतं सिलोन गाठायला जितका वेळ लागे, साधारण तेवढ्यातच. आता क्वांटासला सिडनी-लंडनही एका झेपेत करायचं आहे, आणि त्या योजनेचं नाव कॅटालिनांवरूनच ‘प्रोजेक्ट सनराइज’ ठेवलं आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये लंडन-सिडनी चाचणी उड्डाण 19 तास 19 मिनिटांत झालं. मे 2022 मध्ये कंपनीने त्यासाठी बारा एअरबस ए350-1000 विमानांची मागणी नोंदवली. त्यांना 20,000 लिटरची एक जादा टाकी असेल. ही एकटी टाकीच कॅटालिनाच्या सगळ्या पेट्रोलच्या दुपटीहून मोठी आहे. आणि इतर कंपन्या याच विमानात तीनशेहून जास्त माणसं बसवतात, तिथे क्वांटासने आसनं ठेवली आहेत 238.